जाळ्याच्या कोपऱ्यातलं भोक

१२ जानेवारी
पोरगी दिव्यानी फुटबॉल क्लबमधून रजेवर आली. डाव्या गुडघ्याला पट्टा आहे. किरकोळ आहे. ती काहीतरी सांगणार होती, मी म्हटलं, आधी जेव. मार्चमध्ये परत मैदानात. गावात तसंच सांगितलं.
जाळ्याचं भोक पाहिलं. शाबूत आहे.

१४ जानेवारी
लिहून ठेवलेलं बरं. दिव्यानीने क्लबकडून पहिला गोल मारला, त्या दिवशी तलावातल्या खुंटाला अडकून माझ्या जाळ्याचा कोपरा फाटला. शिवला नाही. पुढच्या मॅचला दोन गोल. तेव्हापासून भोक तसंच. ही अंधश्रद्धा नाही. नियम आहे.
इसरू शेजारच्या डोंग्यातून म्हणाला, मुखरूभाऊ, तुमी मासे धरून राह्यले का सोडून राह्यले? मी हसलो. त्याची पोरगी फॉरवर्ड नाही.

१९ जानेवारी, सकाळ
भोक बुजलं आहे.
गाठी उलट्या पिळाच्या, डाव्या हाताच्या. गावात अशा गाठी एकच बाई घालायची. माझी वच्छला. तिला जाऊन तीन वर्षं होतील. जाळं वाळवायच्या याच दोन बांबूंच्या मधे ती पदर खोचून गोलकीपर व्हायची आणि दिव्यानी डाव्या पायाने बॉल मारायची. पोरीचं डावेपण आईचंच.
भ्यायचं काही कारण नाही. आपलंच माणूस. क्षमा मागितली आणि ब्लेडने भोक मोकळं केलं.

२० जानेवारी
दिवेलागणीला जाळं हललं. वारा नव्हता. मी घाबरलो नाही. फक्त घरात आलो. चपला तिथंच राहिल्या.

२३ जानेवारी
पुन्हा बुजलेलं. पुन्हा कापलं. तलावाच्या पाळीवर साती आसरांपुढे, पाण्यातल्या देवींपुढे, नारळ फोडला. म्हटलं, वच्छले, काऊन अशी करतेस? पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे.
दिव्यानी म्हणाली, बा, जाळं धड असलं तं मासे तरी गावतीन. मी म्हटलं, तुले यातलं समजत नाई.

२८ जानेवारी
क्लबचा फोन. दिव्यानी अंगणात लंगडत बोलली, मग बराच वेळ बांबूंमधे बसून राहिली. नवा करार असावा. नंतर म्हणाली, बा, ऐकता का? मी पूजेला बसलो. पूजेतून उठता येत नाही.
पूजा आज लांबली.

३ फेब्रुवारी
संकल्प: उद्या पहाटेपासून जाळ्यावर पहारा. वच्छला दिसली की समजावून सांगायचं. हयातीत ती माझं ऐकत नसे, पण आता फरक पडला असेल.

४ फेब्रुवारी
पहाऱ्यावर डोळा लागला. उघडला तर ऊन आलेलं. बांबूंमधे ती बसली होती. पाठमोरी, डोक्यावरून पदर, डावा हात चाललेला. तोच हात. हाक मारली, वच्छले.
वळली ती दिव्यानी. पदर नव्हता, ओढणी होती. पट्ट्याचा पाय लांब पसरलेला, दातांत सूत.
म्हणाली, आई नोहे बा, मी आहो. डॉक्टरनं मी येयाच्या आधीच सांगतलं, हा पाय आता खेळाचा नाई. क्लबनं बी करार संपवला. मी सांगाले आली का तुमी उठून जाता. कधी जेव म्हणता, कधी देवाले बसता.
मी ब्लेड काढलं. तिने कोपरा माझ्यासमोर ताणून धरला. म्हणाली, कापाचं असन तं कापा. मी पुन्हा शिवीन.
गाठींवरून बोट फिरवलं. ब्लेड खिशात ठेवलं.

५ फेब्रुवारी
जाळं टाकलं. रोहू आले, एक मोठी मरळ आली. कोपऱ्यातून काहीच निसटलं नाही. इसरूने पाहिलं.
दिवेलागणीला जाळं वाळत घातलं आणि चपला काढून तिथंच उभा राहिलो. आज वारा चांगला होता. जाळं हललं, ते वाऱ्यानंच.