अकरा ते साडेअकरा: गणिताच्या बाई

सोमवार, ३ नोव्हेंबर
सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. कार्यालयात, ऑक्टोबरचे हजेरीपट तपासत असताना

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कामाच्या वेळेत लिहितो आहे. चूक आहे, माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटे कापून घेईन.

मला इथे नेमकं काय करावं लागतं, असं तू मागे विचारलं होतंस. सांगतो. सरकारी मदत न घेता चालणाऱ्या एकोणीस लहान शाळा आमच्या मंडळाच्या यादीत आहेत. त्यांना आम्ही तीन तऱ्हेने हात देतो. इमारतीला थोडे पैसे, शिक्षकांचं मानधन आणि या वर्षापासून शिक्षकांच्या मनाची विचारपूस. पहिलं चिटणीसबाई पाहतात. तिसऱ्यासाठी एक समुपदेशक बाई नेमल्या आहेत. मधल्याचे कागद मार्चपासून माझ्याकडे आले. शाळांचे हजेरीपट येतात, मी दिवस मोजतो, सह्या पाहतो, प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करतो. माझी खूण झाली की पैसे निघतात. आठवीत शाळा सुटलेल्या माणसावर एवढा विश्वास टाकलाय, म्हणून मी प्रत्येक पट दोनदा पाहतो.

तू शिकवतेस त्या शाळेचा मात्र एकदाच पाहायचो. का, ते आज लक्षात आलं.

तुझ्या गणिताच्या बाई आणि खेळाचे सर यांच्याविषयी तू कधी काही लिहिलं नाहीस. दिसायला कसे आहेत, बोलतात कसे? सहज विचारतो आहे. आईचे डोळे छान आहेत. ती म्हणते, ऑपरेशन झाल्यापासून तिला माझं तोंड वाचता येतं, आणि आज वाचायला काही बरं नाही.

तुझी माया मला लागते तेवढी आहेच. तीच चालू ठेव.

तुझा,
टिंब

---

शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

सहज विचारतोस म्हणे. लहानपणी प्रत्येक शब्दापुढे टिंब ठोकणारा तू, तुला सहज काही विचारता येतं यावर माझा विश्वास नाही. पण विचारलंस तर ऐक.

गणिताच्या बाई उंच आहेत, थंडीतही पंखा लावतात आणि डब्यातले घास मोजून खातात. खेळाचे सर फार साधे. त्यांची शिट्टी हरवली तर आठवडाभर टाळ्या वाजवून कवायत घेतली. दोघंही कमी बोलतात. झालं समाधान?

शाळा ठीक आहे. तीन खोल्या, एकशे बारा मुलं, नवं छप्पर. पूर्वी पाऊस आला की आम्ही बाकं सरकवत बसायचो, आता फक्त आवाज येतो. आमचे मुख्याध्यापक, मोठे सर, यांनी बाकांसाठी स्वतःची मोटारसायकल विकली आणि आता चालत येतात. तू त्यांना एकदा भेटायला हवंस, म्हणजे माणसाविषयी वाईट विचार करणं अवघड जातं.

तू जेवतोस ना वेळेवर? पोटात भीती घेऊन जेवलं की अंगी लागत नाही. आईला सांग, तुझं तोंड वाचणं बंद कर आणि वर्तमानपत्र वाच.

आठवणीत असू दे.

तुझी,
ताई

---

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपारचे एक वाजून पाच मिनिटे. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा नाही.

जुलैचा पट माझ्यापुढे आहे. नऊ, दहा आणि अकरा तारखेला तू तापाने पडली होतीस. त्या तीन दिवशी तुझी सही नाही, ते बरोबरच. पण गणिताच्या बाईंचीही नाही, खेळाच्या सरांचीही नाही. बारा तारखेला तिघंही एकदम बरे झालात. शाई हिरवी आहे. तसं हिरवं पेन मी तुला दिलं होतं. आणि गणिताच्या बाईंच्या सहीतल्या 'र'ची शेपटी खाली जाऊन परत वर वळते. पाटीवर माझा हात धरून तू मला तोच 'र' शिकवला होतास.

आता माझी चूक सांगतो. बाकीच्या शाळांच्या सह्या पाहताना माझ्या मनात शंका असते. तुमचा पट हातात आला की बरं वाटायचं. अक्षर घरचं वाटायचं. का वाटतं, हे मी आठ महिने स्वतःला विचारलं नाही आणि खूण करत गेलो. म्हणजे त्या दोन नावांपुढच्या सोळा लाल खुणा माझ्या आहेत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. समुपदेशक बाई पंचवीस तारखेला तुमच्या शाळेत येणार आहेत. प्रत्येक शिक्षकाशी अर्धा तास, एकट्याने, दार लावून. वेळापत्रक माझ्याकडूनच लिहून घेतलं. दहाला मोठे सर, साडेदहाला तू, अकराला गणिताच्या बाई, साडेअकराला खेळाचे सर, बाराला बालवर्गाच्या बाई. अकरापुढचं नाव लिहिताना चुकलो, कागद बदलावा लागला.

काहीतरी लिही. मी चुकलो असेन तर रागाव, मला फार बरं वाटेल. तुझी पत्रं डब्याच्या फडताळात, कागदाखाली ठेवतो. आई तिथे हात घालत नाही.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

टिंब

---

शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

रागावता आलं असतं तर रागावले असते.

ते दोघं खरंच होते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सोडून गेले. बाईंना दुसरीकडे दुप्पट पगार मिळाला, सरांचं लग्न ठरलं. सहा हजारांवर नवं कोणी येईना. आणि तुमच्या मंडळाचा नियम तू मला काय सांगणार, पाचाहून कमी शिक्षक असले की शाळा यादीतून जाते. म्हणजे फक्त त्या दोघांचं नाही, उरलेल्या तिघांचंही मानधन बंद. मोठे सर एक दिवस वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, नवी माणसं मिळेपर्यंत महिनाभर तुम्ही सह्या कराल का. तो महिना चौदा महिने चालला.

त्यांचे वर्ग मी घेते. दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहते, डावीकडे गणित, उजवीकडे भाषा. खेळाच्या तासाला खरंच टाळ्या वाजवते. शिट्टी माझीच हरवली होती. त्या दोघांचे पैसे मोठ्या सरांनी घरी नेले नाहीत. थकलेलं भाडं, छप्पर, पाण्याची टाकी. सगळं एका वहीत आहे. मला जादा वर्गांचे म्हणून दर महिन्याला दोन हजार दिले. पगारवाढ म्हणून मी घरी पाठवत होते ते हेच पैसे.

आता सर म्हणतात, पंचवीस तारखेला त्यांच्या मेहुणीला गणिताच्या बाई म्हणून बसवायचं आणि दूधवाल्याच्या भावाला खेळाचे सर म्हणून. मला धडकी भरली आहे. फळ्यावर लिहिताना खडू मोडतो. पोलीस येतात का रे अशा गोष्टीसाठी? मुलांसमोर?

वेळापत्रक तुझ्या हातात आहे. दोन नावं गाळ, किंवा ते रजेवर आहेत असं लिही. यापूर्वी मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

जपून राहा.

ताई

---

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रातलं मागणं मी परत घेते. तू उत्तर दिलं नाहीस, त्याअर्थी तू ते केलं नाहीस आणि नाही म्हणायची हिंमतही झाली नाही. मी तुला ओळखते.

काल सरांनी मेहुणीला वर्गात आणलं आणि मुलांना सांगितलं की या गणिताच्या बाई. बिचारी खुर्चीच्या काठावर बसली होती. दुसरीतली एक मुलगी, दात पडलेली, फार चौकस, माझ्या जवळ आली आणि हळूच विचारलं की कोणी विचारलं तर हे उभं राहून सांगायचं की बसून. खरं उत्तर उभं राहून द्यायचं, असं मी त्यांना शिकवलंय. हे कसं द्यायचं, ते तिला माहीत नव्हतं.

सरांना म्हटलं, कोणालाही बसवू नका. अकरा वाजता गणिताच्या बाईंच्या वेळेला मीच आत जाईन, साडेअकराला खेळाच्या सरांच्या वेळेलाही मीच. दीड तास बसेन आणि सगळं सांगेन. सरांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि उतरवून घ्या म्हणाले. उतारा सोबत पाठवते आहे.

समुपदेशक बाई कार्यालयात जाऊन सांगतील, पुढे जे व्हायचं ते होईल. तुझ्या खुणांबद्दल मी बोलणार नाही. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

माझी काळजी थोडी कर, स्वतःची जास्त कर.

ताई

---

गुरुवार, २७ नोव्हेंबर
संध्याकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे. कार्यालयाच्या पायऱ्यांवर, सुटका झाल्यावर, की झालेली नाही

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ओळखतेस मला. दोन नावं गाळलेलं वेळापत्रक मी लिहून खिशात घातलं होतं. दोन दिवस खिशात होतं. चिटणीसबाईंच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा पाण्याच्या पिंपाकडे वळलो. त्या शेवटी म्हणाल्या, अरे, आज एवढं पाणी कशाला पितोस.

समुपदेशक बाई मंगळवारी चार वाजता परत आल्या. मी उभाच राहिलो. त्यांनी फक्त वेळापत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. दहा ते साडेबारा, पाचही ओळींपुढे एकच शब्द होता, 'पूर्ण'. त्या हात धुवायला गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो, साडेदहाच्या शिक्षिका माझी बहीण आहे म्हणालो आणि विचारलं की तुम्ही चिटणीसबाईंना कधी सांगणार. त्या म्हणाल्या, त्या खुर्चीत बसून कोणी बोललं की ते खोलीबाहेर नेत नाही. तसं नेलं तर उद्या कुठल्याच शाळेतलं कोणी तोंड उघडणार नाही. हे तुझ्या बहिणीलाही सांगितलं, आणि हेही सांगितलं की सांगायचं असेल तर ते तिनेच सांगावं.

ताई, म्हणजे कोणाला काही कळलेलं नव्हतं. कागदावर पाच शिक्षक आणि पाच भेटी. नोव्हेंबरच्या पटावर मी दोन खुणा केल्या असत्या तर शाळा चालली असती, आईला काही कळलं नसतं. पकडले जाऊ याची मला इतके दिवस भीती होती. आता कोणीच पकडणार नाही, याची त्याहून जास्त वाटली. असे किती पट मी तपासत बसणार होतो, म्हातारा होईपर्यंत?

काल दिवसभर जुन्या पटांवर हात ठेवून बसलो होतो. आज अकरा वाजता आठही पट घेऊन चिटणीसबाईंकडे आत गेलो. तुझं नाव आधी घेतलं नाही. सोळा खुणा दाखवल्या आणि म्हटलं, या चुकीच्या आहेत, मी न पाहता केल्या, कारण अक्षर माझ्या बहिणीचं आहे. बाईंनी मला बसायला सांगितलं. या नोकरीत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसलो. त्यांनी विचारलं की चौदा महिने त्या वर्गांना कोणी शिकवलं. मी सांगितलं. उंबऱ्याचंही सांगितलं. त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या की पाच शिक्षकांचा नियम त्यांनीच लिहिला होता, शाळांना पुरेशी माणसं मिळावीत म्हणून.

त्याने सुटका झाली असं समजू नकोस. सहा डिसेंबरला समितीची बैठक आहे. तुला आणि मोठ्या सरांना बोलावलं आहे. मलाही. सदस्यांपैकी दोघं फार कडक आहेत. शाळा यादीत राहील की जाईल, तुझी नोकरी राहील की जाईल, पोलिसांत कळवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरेल. तोपर्यंत मला एकच काम दिलं आहे, सगळ्याचा हिशेब मांडायचा. आपल्या घरचाही मांडला. दोनदा पाहिला.

आईला सांगावं लागलं. ती म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वीच तोंडावर वाचलं होतं, फक्त अक्षर लागत नव्हतं. सहा तारखेला तीही येणार आहे. बाहेर बाकावर बसेन म्हणते.

बैठकीत उभं राहून सांगायचं की बसून, ते मी विचारून ठेवत नाही. तू उभी राहशील. मी शेजारी असेन.

जे काही ठरेल त्यानंतरही मला 'चिरंजीव'च लिही.

तुझा,
टिंब

सोबत हिशेब, गेल्या वर्षीचा सप्टेंबर ते या वर्षीचा ऑक्टोबर, महिने १४

मंडळाने दोन रिकाम्या जागांसाठी दिले: १,६८,०००

शाळेत खर्च: थकलेले भाडे ७८,०००, छप्पर ३६,५००, पाण्याची टाकी १४,२००, मुलांची पुस्तके ११,३००. एकूण १,४०,०००.

आमच्या घरी आले: २८,०००. पैकी आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन १७,६००. माझ्या आणि आईच्या खोलीची अनामत ९,०००. माझा चष्मा १,४००.

घरून परत देणे: २८,०००. माझ्या पगारातून दरमहा १,०००, महिने २८. पहिला हप्ता आज भरला. बाकी २७,०००.

शाळेकडून येणे: १,४०,०००. समिती ठरवेल.

ताईने घेतलेले जादा तास: पटावरून कामाचे दिवस २४१, रोज ३, एकूण ७२३. यापुढे काय लिहायचे ते बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, जागा रिकामी ठेव, समितीला दिसू दे.