पपांच्या जागी उभा राहिलो तेव्हा

पेनसिल्व्हेनिया
१२ जानेवारी

प्रिय लॉर्ना,

तू पाठवलेले हरणाच्या मांसाचे सॉसेज मिळाले. मिरी नेहमीसारखी जास्त. इथे गुडघाभर बर्फ साचलंय, पण मला काय त्याचं. घर ते गॅरेज आणि गॅरेज ते घर, एवढंच माझं जग. चुकीच्या वेळी फाटकाबाहेर पाऊल पडलं की कोर्टाने पायात अडकवलेला पाळतीचा पट्टा बोंब मारतो. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मलाही काही सुचत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, तू कोर्टात शपथेवर सांगणार आहेस की फोटोत माझ्या हातात तुझ्या नवऱ्याची, रसेलची, हवेवर चालणारी छर्ऱ्याची बंदूक होती, जिला मला मनाई नाही. वेडी आहेस का? पपांची रायफल अख्खं गाव ओळखतं. आणि रसेलला तर साधी थापही मारता येत नाही. खोटी साक्ष उघडी पडली की तूही माझ्यासारखीच गुन्हेगार ठरशील, मग तुझीही बंदूक जाईल. तुमच्या घरात वर्षभराचं मांस कोण आणतं? तूच ना?

बावीस वर्षं मी त्या फोटोच्या कॅमेऱ्यामागे होतो. शिकारीच्या हंगामाच्या आदल्या दिवशी सगळे मागच्या पायऱ्यांवर, नारिंगी जाकिटं घालून, वयाप्रमाणे, हातात आपापली बंदूक. आणि समोर मी, "हसा रे" म्हणणारा. एकोणिसाव्या वर्षी मित्राने दुकान फोडलं तेव्हा गाडी मी चालवत होतो. तेवढ्यावरून बंदुकीला हात लावायचा हक्क गेला. पपा दरवर्षी म्हणायचे, "ड्वेन, तुझ्यासारखा फोटो कुणाला जमत नाही." चांगल्या मनाने म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

पपा वारल्यानंतरचा यंदाचा पहिलाच हंगाम. तू म्हणालीस, "त्यांची जागा रिकामी दिसेल रे. तू उभा राहा, मी टायमर लावते." मग फोटो फेसबुकवर टाकलास, दरवर्षीसारखाच. कुणीतरी तो पोलिसांना दाखवला. त्यात तुझं काय चुकलं?

तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस की बंदूक तूच माझ्या हातात कोंबलीस. ते खरं नाही, लॉर्ना. तू ती कठड्याला टेकवून ठेवली होतीस. तू कॅमेऱ्याकडे वळलीस आणि मी ती उचलली.

आणखी एक, जे मी कुणालाच बोललो नव्हतो. त्या जुन्या गुन्ह्याला सरकारी माफी मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. फेब्रुवारीत सुनावणी होती. माफी मिळाली असती तर बंदुकीचा हक्क परत आला असता, पुढच्या हंगामात मी तुझ्याबरोबर जंगलात असतो. वकीलबाईंनी बजावलं होतं, "तोवर बंदूक असेल त्या खोलीतही थांबू नका." तुला ठाऊक असतं तर तू मला त्या पायऱ्या चढूही दिल्या नसत्यास. मला ठाऊक होतं, तरी उचलली. दहा सेकंदांचा टायमर. फोटो बघ, इतका खूश मी कुठल्याच फोटोत नाही. त्याचाच आता राग येतो.

दोन-तीन वर्षांची शिक्षा तरी होईल म्हणतात. आत कसं असतं ते माहीत आहे, म्हणून जास्त भीती वाटते.

सोमवारी न्यायाधीश विचारतील तेव्हा मी गुन्हा कबूल करणार आहे. यायचं तर ये, मागच्या बाकावर बस, पण तोंड उघडू नकोस. पपांची रायफल तुझ्या नावावर आहे, विकू नकोस. पुढच्या हंगामात फोटोत त्यांच्या जागी तू उभी राहा.

तुझा थोरला भाऊ,
ज्याच्या हातात बंदूक कुणीही दिली नव्हती,
ड्वेन