मागे सरकणारा पाय

हर्सूल, मंगळवार

तीर्थस्वरूप मल्हारमामांना अजिनाथचा साष्टांग नमस्कार. (डावा पाय कच्च्या प्लॅस्टरात असल्याने आठांतले एक अंग सध्या कमी पडते, तेवढे उधार ठेवावे.) तुमचे गुडघे, मामींचा दमा, मेंढरे आणि तांबडी कुत्री या सगळ्यांची खुशाली कळावी. मी इथे मजेत आहे. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तुम्ही "बरं हाय ना?" विचारता, मी "हो" म्हणतो आणि तुम्ही ठेवून देता. त्यात मोडलेला पाय सांगायला जागा सापडत नाही.

तर पाय मोडला, हे वर आलेच. मी फ्लेक्सच्या दुकानात मजकूर तपासायला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे (मामी मला बँकेत समजत असतील तर समजू द्यावे). त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून वाढदिवसाचा एक फ्लेक्स लावायला मीच शिडीवर चढलो. तो सरळ लागला की नाही हे पाहत पाहत उतरलो आणि शेवटची पायरी ध्यानात राहिली नाही. फ्लेक्स सरळ लागला होता. घोट्याचे बाहेरचे हाड मोडले.

आता खरी अडचण हाडाची नाही. हाड फोटोत दिसले, आणि डॉक्टर म्हणाले की ते जुळेल. पण घोट्यातली हाडे एकमेकांना धरून ठेवणारे पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात, आणि ते एक्स-रेत दिसत नाहीत. मी ते असे समजून घेतले, की लांबून मेंढरांभोवतीच्या वाघुरीचे खुंट दिसतात, पण जाळी कुठे तुटली आहे ते मेंढरे रेटा देतात तेव्हाच कळते. म्हणून डॉक्टरांना पाय दाबून, पिळून पाहावा लागतो, आणि तसा पिळलेला धरूनच आणखी एक एक्स-रे काढावा लागतो. पट्टे शाबूत असतील तर प्लॅस्टरवर भागेल. तुटलेले असतील आणि तसेच राहिले तर मी पायावर भार दिला की घोटा आत फाकत जाईल आणि जन्मभर लंगडावे लागेल.

हे सगळे मला नीट पटले. पण डॉक्टर वयस्कर आहेत, मामा. पांढरे केस, कपाळाला गंध, दिसायला थेट आपल्या रामकिसन आजोबांसारखे. कच्चे प्लॅस्टर सोडून ते खाली वाकून माझ्या पायाला हात लावणार, तोच पाय आपोआप मागे आला आणि मी बसल्या जागी वाकून त्यांनाच नमस्कार केला. त्यांना वाटले, दुखले. त्यांनी आतल्या बाजूला हात नेला. पाय पुन्हा मागे. मग ताडून पाहायला त्यांनी चांगल्या पायाला हात लावला. मी तोही मागे घेतला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, दोन्ही पायांवर पडला होतास का. मी म्हणालो, पडलो एकाच पायावर, पण आपण मोठे आहात. हे उत्तर त्यांच्या पुस्तकात नसावे, कारण त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

शेवटी करुणा सिस्टरने उलगडा केला (ती आपल्या फुलंब्रीकडचीच आहे). ती म्हणाली, "सर, ह्याला दुखत नाय. ह्याला पाप लागायलंय."

डॉक्टर हसले. म्हणाले, दिवसभर लोकांचे पायच धरतो, तुझ्या एकट्याच्या पापाने काय व्हायचे आहे. मी डोळे मिटून पाहिले, पलंगाची दांडी धरून पाहिली. पायाला माझे ऐकू येत नाही. आता सोमवारी शेवटचा प्रयत्न. तेव्हाही नाही जमले तर भूल देऊन बघणार, आणि भूल द्यायची तर घरचे माणूस सोबत लागते. कोण आहे, असे त्यांनी विचारले. मी "बघतो" म्हणालो. ते बघतो आहे.

बाकी इथे काही कमी नाही. घरमालकीण सारजाबाई सकाळी दारातून डोकावतात आणि मी जिवंत आहे असे पाहून जातात. दुकानातल्या मंडळींनी माझा फोटो टाकून "लवकर बरे व्हा" असा फ्लेक्स करून दिला (मजकूर मीच तपासला, शुद्ध आहे). तो भिंतभर आहे. त्यामुळे खोलीत आम्ही दोघे असतो, मी आणि हसणारा मी. जेवताना मी त्याच्याकडे पाठ करतो, कारण तो फार वेळ एकसारखा हसतो. पहिले काही दिवस मी त्याला चहा हवा का विचारत असे. आता विचारत नाही.

तुम्ही काळजी करू नये. मेंढरे सोडून यायची तर अजिबात गरज नाही. मामींना नमस्कार.

आपला भाचा
अजिनाथ

ता. क. फुलंब्रीहून पहिली बस धरली तर हर्सूलच्या थांब्यावर उतरता येते. थांब्यासमोरच माझी गल्ली आहे. हे सहज लिहिले.

ता. क. दुसरा. डॉक्टरांना मी सांगून बसलो आहे की आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो, तेव्हा माझ्या पायाला हात लावला तर पाप न लागणारे मोठे माणूस एकच आहे. ते म्हणाले, मग आण त्यांना. पायावर तुझ्या मामांचा हात आणि त्यांच्या हातावर माझा, असा पिळून फोटो काढू. भूल लागणार नाही. तुम्हाला शिशाचा जड अंगरखा घालतील, घोंगडीहून जड. त्याला घाबरू नये.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. दर दिवाळीला मेंढरे घेऊन निघताना तुम्ही माझ्या पाया पडायचात आणि मला गुदगुल्या व्हायच्या. मी गाव सोडले त्या दिवशी मात्र तुम्ही मेंढरांकडे तोंड करून उभे राहिलात. तुम्ही वळाल म्हणून मी बस येईपर्यंत चपला काढून उभा होतो, हे तुम्हाला दिसले नसेल. सोमवारी एकच काढायची आहे.