वरच्या मजल्याची घाई

दि. १० एप्रिल

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद. राग वेगळा आहे, तो खाली मांडते.

मंगळवार, ९ एप्रिल, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, तू निवडलेल्या वृद्धाश्रमात, तुझ्या आईच्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून नेण्यात आलं आणि त्या जागी वाटीभर लगदा ठेवण्यात आला. भात, भाजी आणि आणखी जे काही होतं ते सगळं एकत्र फिरवलेलं. रंग भिंतीला लावायच्या लांबीचा, चवही बहुधा तीच. ताट नेणाऱ्या बाईने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईच्या डोक्यावरून ती मला म्हणाली की आजी आता चावत नाहीत, बोलत नाहीत, विस्मरणाचा आजार पुढे गेलाय, सोमवारी २९ तारखेला त्यांना वरच्या मजल्यावर हलवणार, घरच्यांची सही आलीये. घरच्यांची म्हणजे तुझी. मी सख्खी धाकटी बहीण, म्हणजे बहुधा वाटसरू.

वरचा मजला तू पाहिला आहेस का? मी पाहिला. लिफ्टला आकड्यांचं कुलूप आहे, पण मळक्या चादरींच्या गाड्यामागून चालत गेलं की तपासणीला आलेल्या बाईलाही कुणी अडवत नाही. वर खुर्च्यांना आडव्या फळ्या लावल्यात, म्हणजे उठता येऊ नये. टीव्ही चालू आणि आवाज बंद. नोंदीत ‘बोलत नाहीत’ असं असल्यामुळे तिथल्या म्हाताऱ्यांशी कुणीच बोलत नाही. मग ते बोलत नाहीत. काय सोय आहे! तिथून पुन्हा खाली कुणी राहायला आलंय का, असं मी पहारेकऱ्याला विचारलं. तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

आता तुझ्या लाडक्या दर्शनी भागाबद्दल. मी आयुष्यभर शाळा तपासल्या. फुलदाणीत ताजी फुलं दिसली की तडक संडास बघायला जायचं, हा माझा नियम. इथे फुलं ताजी आहेत, कारंजं आहे, पियानो आहे. पियानोला कुलूप आहे. संडासाबद्दल लिहीत नाही, तू जेवत असशील. जेवणघरात मात्र पाण्याचे पेले टेबलाच्या मधोमध मांडलेत. दिसायला छान, एकाही म्हातारीचा हात पोचत नाही.

संचालिकाबाईंनी मला स्वतः फिरवलं. त्यांच्या आधी त्यांचं अत्तर येतं. त्या म्हणाल्या, आम्ही यांना रुग्ण म्हणत नाही, पाहुणे म्हणतो. मी विचारलं, पाहुण्याचं भरलं ताट पुढ्यातून कोण उचलतं? कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला ताट संपेपर्यंत उठायचं नाही असं शिकवलं. जेवणाऱ्याला उठवायचं नाही, हे या बाईंना कुणी शिकवलेलं दिसत नाही. मग त्यांनी फार अभिमानाने सांगितलं की इथे कशावरही नावाची चिठ्ठी नसते. चिठ्ठ्या लावल्या की दवाखान्यासारखं वाटतं, आम्हाला घरपण जपायचंय. तुझ्या आईच्या अंगात कुणा ढमाबाईचा स्वेटर होता, गुडघ्यापर्यंत. त्याला घरपण म्हणतात म्हणे.

ताईने मला ओळखलं नाही. त्याची मला सवय झालीये. पण ती ओठ घट्ट मिटून बसली होती, लहान मूल औषधाला बसतं तशी. ते मला पटलेलं नाही.

सही मागे घे. कळावे. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी मावशी

*

दि. १४ एप्रिल

ती. तपासनीस मावशीस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. पाकिटाला हात लावताच भाजलं. फोन उचलत जा ग. फोनवर तू ओरडतेस आणि मी रडते, हे कबूल, पण निदान त्याच दिवशी तरी होतं.

आता ऐक. तू आजवर कशाला चांगलं म्हटलंयस? मी जन्मले त्या दवाखान्याला तू गोदाम म्हणाली होतीस. माझ्या नवऱ्याबद्दल एवढंच म्हणालीस की उंचीला बरा आहे. मी सुट्ट्या काढून एकेक संस्था पाहत फिरले. एका ठिकाणी आजोबा लोकांना खुर्चीला पट्ट्याने बांधलं होतं, दुसऱ्या ठिकाणी दारातूनच वास आला. इथे वास नव्हता. खिडकीतून झाड दिसत होतं. मला तेवढंही पुरेसं वाटलं. फार वाटलं.

डॉक्टरांचा अहवाल माझ्यासमोर आहे. त्यांनी आईला तिचं नाव विचारलं, वार विचारला, पेन दाखवून हे काय आहे असं विचारलं. एकाचंही उत्तर नाही. तोंडच उघडलं नाही. वजन उतरलंय. माझ्याशीही ती फोनवर तीन आठवडे एक शब्द बोललेली नाही. मी बोलत राहते, पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. आई आजारी आहे हे मला माहीत होतं, मावशी. ती इतक्या लवकर गप्प होईल हे माहीत नव्हतं. तरी सही मी केली, कारण त्यांनी सांगितलं की वर काळजी जास्त घेतात.

तू म्हणतेस तसं असेल तर मला सांग. पण विशेषणं नकोत. विशेषणं तुझ्याकडे गाडाभर आहेत. पुरावा दे. तुझ्या रागावर मी डॉक्टरांचा कागद कसा फिरवू?

रागावू नकोस असं लिहून उपयोग नाही. तेव्हा रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मुंगी

*

दि. १९ एप्रिल

चि. मुंगीस आशीर्वाद, या वेळी नुसतेच. कुरियरने पाठवते आहे.

पुरावा मागितलास, बरं केलंस. मिळाला, आणि तोही दुसऱ्या बाईच्या तोंडात.

काल दुपारी मी जेवणघरात ताईशेजारी बसले होते. पुढे लगदा, ओठ बंद. समोरच्या टेबलावर एक शिंपीणबाई असतात, आयुष्यभर इतरांचे कपडे शिवलेल्या. त्यांना भेटायला कुणीच येत नाही. वाढणाऱ्या बाईच्या हातून डाव निसटला, रस्सा तिच्याच पायावर सांडला आणि शिंपीणबाई खळखळून हसल्या. मुंगे, त्या ताईसारखं हसल्या. तस्संच. वरचा डावीकडचा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. ताईची कवळी झाली तेव्हा दंतवैद्याने दात मोत्यांच्या सरीसारखे सरळ बसवले होते. ताईने ती परत केली. म्हणाली, माझा तो दात जन्मभर वाकडा होता, तो तसाच करून द्या. दंतवैद्य म्हणाला, बाई, लोक वाकडा दात सरळ करायला येतात. ताई म्हणाली, लोकांना येऊ दे, पण आरशात मला मीच दिसले पाहिजे. त्याने कुरकुरत तो दात वाकडा बसवून दिला. जगात दुसरी अशी कवळी असेल असं मला वाटत नाही.

मी उठून शिंपीणबाईंपाशी गेले आणि तोंड उघडायला सांगितलं. कशाला, असंही न विचारता त्यांनी आ केला. या घरात माणसाला अशी सवय लागते. मग मी ताट उचलणारीला धरलं आणि कवळ्या कुठे धुता ते दाखव म्हटलं. भांडारघरात फळीवर निळ्या चिनी मातीच्या वाट्या ओळीने मांडल्यात, सुंदर, सगळ्या एकसारख्या, एकीवरही नाव नाही. सकाळी सगळ्यांच्या कवळ्या एका टबात धुतात, मग एकेक वाटीत ठेवतात. कुणाची कुठली हे कसं ओळखता, असं विचारलं. म्हणाली, अंदाजाने, बाई, पूर्वी डब्यांवर नावं असायची पण मॅडमनी काढायला लावली. खोटं बोलली नाही एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते. आपण घरी चाळीस माणसांच्या कवळ्या एका टबात बुचकळतो का ग? दातांवरून म्हणी सुचतायत, पण त्या संचालिकाबाईंसाठी मी एकही वाया घालवणार नाही.

ताईच्या तोंडात निघाली ती शिंपीणबाईंची कवळी, तिला मोठी. आत हिरडीवर बोटाच्या पेराएवढा फोड झालाय. बोलायला जावं तर कवळी निसटते, चावायला जावं तर फोड चिरडतो. तोंड मिटून बसणं एवढा एकच शहाणपणाचा मार्ग होता, आणि तो तिने शोधला. त्या अख्ख्या इमारतीत डोकं चालणारी ती एकटीच.

दोन्ही कवळ्या मी माझ्या हाताने घासल्या. ताईची तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच बसवली. मग तिची जीभ आतून दातांवर फिरत राहिली, गावाहून परतलेलं माणूस प्रत्येक खोलीत डोकावून येतं तशी. नंतर तिने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, तुझी धाकटी बहीण. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, छे, ती दिसायला बरी आहे. मग लगद्याकडे बोट करून म्हणाली, यात मीठ कोण घालणार?

आजार गेला असं मी म्हणत नाही. मी तपासनीस आहे, भोंदू नाही. पण डॉक्टरांनी परीक्षा घेतली ती परक्या कवळीची, तुझ्या आईची नव्हे.

संचालिकाबाईंना भेटले. त्यांनी ‘गैरसोयीबद्दल’ खेद व्यक्त केला. तीन आठवडे बाईला मुकं केलं त्याला गैरसोय म्हणतात! आणि वर म्हणाल्या की दोनचार शब्दांनी निष्कर्ष बदलत नाही, अहवालावर सही झाली आहे, खालची खोली २९ तारखेपासून दुसऱ्यांना दिली आहे. म्हणजे घाई आजाराला नव्हती, खोलीला होती.

पुरावा मिळाला. आता तू काय करतेस ते बघते. माया तितकीच आहे, मोजायला बसू नकोस.

तुझी मावशी

*

दि. २२ एप्रिल

ती. मावशीस नमस्कार.

विशेषणांचा टोमणा मागे घेते. जपून ठेव, पुढे कधीतरी मला मारशील.

सही मागे घेत असल्याचं मी तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं. उत्तर आलं की फेरविचार पुढच्या महिन्याच्या बैठकीत होईल, तोवर वरचा मुक्काम ‘तात्पुरता’ आहे. शेवटी दोन फुलांचं चित्र. मी शनिवारी संध्याकाळच्या आत पोचते, त्याआधी रजा मिळत नाही. तोवर काही होऊ देऊ नकोस. आणि संचालिकाबाईंना पत्र तू लिही. मी लिहिलं की ‘कृपया’ फार येतं.

काल तू आईच्या कानाला फोन लावलास. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, माहीत नाही बाई, पण आवाज का बसलाय, पाणी पी. मी इकडे पेला घेऊन बसले आणि खरंच प्यायले. ती पलीकडून ऐकत होती. संपला का, असं विचारलंन.

मावशी, तिला वर जाऊ देऊ नकोस. तिथे तिच्याशी कुणी बोलणार नाही आणि मग ते खरं होईल.

तुझ्या गुडघ्यांना जप. जिभेला जपायची गरज नाही.

तुझी मुंगी

*

दि. २४ एप्रिल

संचालिकाबाईंस नमस्कार. आपल्याकडे विनंती करण्यासारखं काही नाही, म्हणून तेवढे शब्द गाळले आहेत.

सोमवारी २९ तारखेला आपण माझ्या ताईला वरच्या मजल्यावर नेणार आहात. ज्या अहवालावर नेणार, तो तिच्या तोंडात दुसऱ्या बाईची कवळी असताना लिहिला गेला. ती उत्तर का देत नाही हे पाहायला तिचं तोंड उघडून बघावं, असं आपल्या डॉक्टरांना सुचलं नाही. आमच्या वेळी शाळेत मूल फळ्यावरचं वाचेना, तर त्याला मठ्ठ ठरवण्याआधी चष्मा लागलाय का ते पाहत. आम्ही काही फार हुशार नव्हतो. आमच्याकडे कारंजंही नव्हतं.

तेव्हा हे करा. तो अहवाल रद्द झाल्याचं लिहून द्या. ताईची तपासणी तिच्या स्वतःच्या दातांसकट, फोड बरा झाल्यावर, पुन्हा करा, आणि डॉक्टरांना बसायला खुर्ची द्या, म्हणजे उत्तर येईपर्यंत त्यांना थांबता येईल. दंतवैद्याला बोलावून प्रत्येकीच्या तोंडातली कवळी तिचीच आहे का ते पाहा. शिंपीणबाईंच्याही हिरडीला जखम आहे. त्यांनी तक्रार केली नाही, कारण ती ऐकून घेणारं इथे कुणी नाही. त्यांच्या वतीने मी विचारते आहे. त्या माझ्या कुणी लागत नाहीत, हे उत्तर मला चालणार नाही. वरच्या मजल्यावर जे आधीच पोचलेत, त्यांच्यापैकी किती जण खरोखर गप्प झाले आणि किती जणांना आपण गप्प केलंत, तेही पाहून कळवा. त्या उत्तराची मला भीती वाटते. आपल्याला वाटत नसेल तर आपण या कामाला नालायक आहात.

ताईच्या पोरीची सही परत घेतलेली आहे. तिची आई काल पावाचा अख्खा तुकडा चावून खाऊन शेवटी म्हणाली, कडक आहे. तक्रार करू शकणाऱ्या बाईला वर नेता येणार नाही.

उत्तर लेखी हवं, शनिवार, २७ एप्रिल, दुपारी बाराच्या आत. ते माझ्या घरी पाठवू नका, मी तिथे नाही. आज सकाळपासून मी आपल्या खालच्या मजल्यावर ताईच्या खोलीत, तिच्या खाटेला खुर्ची लावून बसले आहे. तिने मला दोनदा कोण म्हणून विचारलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगेन. उत्तर तिथे आणून द्या, आणि आत येताना दार वाजवा.

ताईची धाकटी बहीण