मंडईच्या आधी का मंडईनंतर

मुखरूभाऊले गडचांदूरहून रंजीताचा जयभीम.

मी बरी आहो. ऑपरेशनची जखम सुकली, केसही येऊन राह्यले. वयनीचा गुडघा कसा हाय? धान कापून झाला का?

फोन काऊन नाई केला म्हणशील. तुया फोन सदा स्पीकरवर, सारं आंगण आयकते.

डॉक्टरीणबाईनं माया रक्ताची तपासणी केली. कॅन्सरचा दोष जन्माचाच हाय, अन् बाबाकडून आला म्हणे. आपली आत्या यानंच गेली, पण बाबाले तं काईच नव्हतं! माणसाले काई न होताही त्याच्याकडून लेकराले जाते म्हणे. मंग तुयात हाय का? तुयात असन तं तुया लेकीत, पिंकीत? असनच असं नाई, पण तपासून घ्या म्हणते. आधी कळलं तं इलाज सोपा.

अन् गावच्या मंडईच्या जत्रेत, रातच्या नाटकाले, पिंकीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. आधी सांगाव तं सोयरीक जुळनच नाई. मांगून सांगाव तं फसवलं म्हणतीन. मले काईच समजून नाई राह्यलं, भाऊ.

एवढं लिहून झाल्यावर ध्यानात आलं, तुले बारीक अक्षर दिसतच नाई. चिठ्ठी तं पिंकीच वाचून दाखवते. फाडून टाकाव म्हटलं. मंग वाटलं, गोष्ट तं तिचीच हाय.

पिंकी, बाई, थांबू नको, वाच. बाबाजवळ बस. तपासणीले मी तुमच्या संगं येईन. पाहुण्याइले काय सांगाचं, ते तूच सांग.

तुयी आत्या,
रंजीता