मालक म्हणून माझंच नाव

सणसर, मंगळवार, संध्याकाळ

कारखान्याच्या ऊसतोडणीच्या यादीत कुणीतरी फेरफार केलाय. निरवांगीचे आबा, माझे सख्खे चुलते, पार खालून उचलून तिसऱ्या नंबरावर आणलेत, म्हणजे त्यांचा ऊस आधी तुटणार. आणि सर्व्हरवर बघितलं, तर बदल करणारी म्हणून माझंच नाव.

मी हात लावलेला नाही. पण हे पटणार कुणाला?

कारखान्याचे कॉम्प्युटर मीच सांभाळते. चूक माझीच आहे, हंगामाच्या सुरुवातीची. सर्व्हर लिनक्सचा, टेबलांवरचे कॉम्प्युटर विंडोजचे. फाईल कुणी उघडायची, कुणी बदलायची याच्या दोघांच्या परवानग्या जुळेनात, शेतकी विभागाला यादी उघडेना, साहेब माझ्या खुर्चीमागं उभे. मी घाईत सगळ्यांना माझ्याच खात्यातून आत सोडलं. विंडोजवर 'इतरांना फक्त वाचता येईल' असं दिसत होतं, म्हणून निर्धास्त राहिले. पण माझ्या खात्यातून आलेला माणूस लिनक्सला 'इतर' वाटतच नाही. त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे मीच. आता तिथं कुणीही लिहो, फाईलचा मालक म्हणून नाव माझंच.

उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. मग आबांचा फोन आला.

"पोरी, तोडणीची टोळी आली की आपल्या उसाच्या फडात."

"आबा, ते मी न्हाय केलं."

आबा हसले. "व्हय व्हय, फोनवर बोलू नगं. पारावर समद्यांना सांगितलंय मी, आमची पोरगी हाय तितं."