बदली येईपर्यंत

१८ एप्रिल, उमरखेड

आले बाई एकदाची! नाशिकहून निघताना आई म्हणाली होती, ऊन सांभाळ. इथे बसमधून उतरले आणि कळलं की हे ऊन सांभाळण्यातलं नाही, त्याला फक्त हात जोडायचे.

आमचं ‘जवान परिवार आधार केंद्र’ एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आहे. खाली शिलाई मशीन खडखडतं, वर कूलर घरघरतो आणि मधे मी, नयन, नवीकोरी समुपदेशक. रजेवर आलेल्या जवानाला झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, घरचे धास्तावले असतील, तर जाऊन ऐकायचं, धीर द्यायचा, आणि गरज पडली तर लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, हे माझं काम.

केंद्र विमलताई चालवतात. त्यांचे यजमान फौजेत होते, आता हयात नाहीत. आल्याआल्याच त्यांनी दम दिला, “मले ताई म्हणजो. म्याडम म्हणशीन तर चहा नाही भेटनार.” मी तत्काळ ताई म्हटलं. चहा फक्कड होता. मला इथे करमणार, असं आत्ताच वाटतंय.

२१ एप्रिल

आज पहिलं घर. बसने अर्धा तास, मग कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या मोकळ्या शेतांतून पायी एका बंजारा तांड्यावर. घरात तिघं आहेत. संजय राठोड, आजारपणाच्या रजेवर आलेला जवान. त्याची बायको पुष्पा. आणि आई लालीबाई, जिला तो ‘याडी’ म्हणतो. लालीबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग माझं लग्न काहून नाही झालं याची सविस्तर चौकशी. फाईलमध्ये हे लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते.

संजय ओसरीच्या कडेला येऊन बसला. मग जमिनीकडे बघत एकदम बोलायला लागला. जानेवारीत त्यांची चौकी बर्फात होती. सोबत त्याचा जिवलग धम्मदीप, आपल्याच जिल्ह्यातला, मारेगावचा. संजयला ताप भरला म्हणून त्याच्या पहाऱ्यावर धम्मदीप जाऊन बसला. काही तासांनी संजय त्याला सोडवायला जाणार होता. पहाऱ्यावरच्या माणसाला सोडवायला दुसरा येतो त्याला ते ‘बदली’ म्हणतात, आणि बदली येईपर्यंत जागा सोडायची नसते. त्यात वादळ आलं आणि वाट बुजली. संजय आणि बाकीचे पोचले तेव्हा धम्मदीप तिथेच बसलेला होता, बंदूक मांडीवर, गोठलेला.

“उठून आला असता तं वाचला असता,” संजय म्हणाला. “पण उठला नाही. माही वाट पाह्यत बसला.”

परतताना बसमध्ये मला रडू आलं. पहिल्याच घरात रडायचं नसतं, हे शिकवलं होतं आम्हाला. शिकवणाऱ्यांनी संजयला पाहिलं नव्हतं.

२६ एप्रिल

आज रिकाम्या खुर्चीचा सराव घेतला. वर्गात यात माझा हातखंडा होता! समोर एक रिकामी खुर्ची मांडायची, गेलेल्या माणसाला तिथे बोलवायचं, मनातलं सगळं सांगायचं. मग आपण स्वतः त्या खुर्चीत बसून त्याच्या तोंडून उत्तर द्यायचं. शेवटी निरोप घ्यायचा आणि खुर्ची उचलून जागच्या जागी ठेवायची.

ओसरीवर लाल प्लास्टिकची खुर्ची मांडली. संजय तिच्यापुढे ताठ उभा राहिला. “धम्म्या, बस,” म्हणाला. लालीबाई लगेच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि खुर्चीसमोर ठेवून गेल्या, कारण पाहुणा बसला की पाणी द्यायचंच. मग संजय जो रडला! तीन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. पुष्पा दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एवढ्यात पुष्पाने आठवण केली की शेवटची बस चुकेल. उत्तराचा आणि निरोपाचा भाग राहिला होता. मी चपला घालत असताना संजयने विचारलं, त्याले उठाले सांगू का? मी म्हटलं, राहू द्या, बसू द्या त्यांना, पुढच्या वेळी बघू. आणि धावले.

बस मिळाली.

२९ एप्रिल

पुष्पाचा फोन आला. हसत होती. संजय जेवला, झोपला, आईशी थट्टा केली. लालीबाई माझ्यासाठी भाकरी-ठेचा पाठवणार आहेत. विमलताईंना सांगितलं तर म्हणाल्या, एवढ्या लवकर? मी म्हटलं, हातगुण!

३ मे

तांड्यावर गेले. खुर्ची ओसरीवर अजून तशीच आहे, कुणी हलवलेली नाही. तिच्याजवळ गार वाटतं. लालीबाईंनी पिण्याचा माठ आणून खुर्चीला टेकवून ठेवला आहे. त्यांच्या मते असं थंड पाणी अख्ख्या तांड्यात कुणाकडे नाही. कोंबड्या दुपारभर खुर्चीखाली बसतात. मी पाणी प्यायले तर दात शिवशिवले.

निंबाची सावली असेल, असं म्हटलं. मग वर पाहिलं. निंब घराच्या मागे आहे. ओसरीवर उघडं ऊन होतं.

खुर्चीच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं. आमच्या घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घातल्यावर जसा चिकटतो, तसं बोट चिकटलं होतं. संजय माझ्याकडे बघून मंद हसत होता. तो बराच बरा दिसतो. मला मात्र तिथून कधी निघते असं झालं.

४ मे

विमलताईंना सगळं सांगितलं. खुर्चीचा सराव अर्धा सोडला हेही सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. मी वाटच बघत होते की त्या गारव्यावर हसतील, पण त्या हसल्या नाहीत. फौजी माणसाला तू बसवलं आणि उठायचा हुकूम न देता आलीस, असं त्या म्हणाल्या. मग हळूच, “थो बदली आल्याबिगर उठत नाही, पोरी. जित्ता असो का मेला.”

मी शिकलेली मुलगी आहे. तरी दिवसभर अंगावर शहारे येत होते. मला भीती वाटते आहे, आणि ती लपवायची तर ही रोजनिशी कशाला?

६ मे

सराव पूर्ण करायला तांड्यावर आले आहे. आता इथेच राहणार, परतीची बस सोडली. का ते नीट लिहिते.

सकाळी आले तर खुर्चीखाली एक कोंबडी मेलेली होती. पाय आखडलेले, पिसांवर पांढरं भुरभुरीत काहीतरी. बाहेर त्रेचाळीसचा पारा आणि कोंबडीवर हिव! लालीबाईंनी माठ उचलून आत नेला आणि देवापुढे दिवा लावला. मी, पुष्पा आणि लालीबाई, तिघींनी मिळून खुर्ची उचलायचा प्रयत्न केला. चार माणसं बसल्यासारखी जड. जागची हलली नाही.

मी संजयला म्हटलं, धम्मदीपला उठायला सांगा. त्याने मान हलवली. तोंडी सांगून उठत नसतो, बदली द्यावी लागते. “परवा माही रजा सरते, सकाळी मी बसतो तिथं. मंग थो उठन. त्याले घरी जाता येईन.” अगदी शांतपणे, बाजारात जाऊन येतो म्हणावं तसं.

ही शांतता मी ओळखते. वर्गात हीच शिकवली होती आम्हाला, सगळ्यात जास्त भ्यायचं ते या शांततेला. त्याने घड्याळ मेव्हण्याला देऊन टाकलं आहे. बुटांना पॉलिश केलं आहे. वर्दी इस्त्री करून खुंटीला लावली आहे. झोप लागली, जेवायला लागला, ते बरं वाटल्यामुळे नव्हतंच. त्याचं ठरलं होतं. आणि मी पाठ थोपटून घेत होते.

ताईंना फोन केला. त्या डॉक्टरांना आणि गाडी घेऊन परवा दुपारी येतात, त्याआधी जमत नाही. तोवर त्याला त्या खुर्चीत बसू द्यायचं नाही. एवढंच माझं काम. त्याचा जीव गेला तर तो माझ्या हातून गेला असेल.

७ मे

खुर्चीवर खळगा पडला आहे. बसलेल्या माणसाचा.

तांब्यातलं पाणी दगड झालं.

खुर्चीला जळतं लाकूड लावलं. विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा. जवळून श्वास ऐकू येतो, अडकत अडकत. लालीबाई सांगतात, त्यांनीही ऐकला. पुष्पा माझा हात सोडत नाही. तिने एकच विचारलं, ताई, माहा माणूस राह्यते ना? मी हो म्हटलं. देवा, मी हो म्हटलं आहे.

संजय दाढी करून आला. सगळ्यांशी गोड बोलतोय —

८ मे, सकाळ

पुष्पाने त्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली आहे. तो दार ठोठावत नाही. तोही वाट बघतोय.

कडी जुनी आहे. दुपारपर्यंत टिकणार नाही.

मला एकच सुचतं. बदली हवी ना? कुणाचीही चालेल. उत्तराच्या वेळी खुर्चीत कुणीतरी बसायचं असतंच. अर्धं मी सोडलं, मी पुरं करते. मग ताई येतील, डॉक्टर येतील, ते मला उठवतील —

खूप भीती वाटते. आईला फोन लावला. लागला नाही.

बसले.

थंड. आई गं. हाडांत —

कुणीतरी उठलं. माझ्या अंगातून उठलं. सुस्कारा टाकला, केवढा मोकळा! धुळीत बुटांचे ठसे उमटत जाताहेत, रस्त्याकडे, मारेगावच्या बाजूला. धम्मदीप घरी गेला. झालं. सुटला तो!

उठायला बघते. उठता येत नाही. कंबरेखाली माझं काही नाही. हात चालतो तोवर लिहिते. चालेल. बसेन दुपारपर्यंत. संजय वाचला ना —

पुष्पा रडतेय. माझे ओठ हलत नाहीत, तिला सांगता येत नाही की —

ऊन डोक्यावर आलं. कडी तुटली.

वर्दी. बूट चकाकताहेत. समोर येऊन ताठ उभा राहिला. डोळ्यांत केवढी माया! तो म्हणतो, म्याडम, तुमची ड्यूटी झाली. एकदा उशीर केला, आता नाही करनार. मी बदलीले आलो. उठा.

नाही. नाही उठणार. धरून बसले आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज येतोय, ताई, लवकर, ताई —

पाय माझं ऐकत नाहीत. सरळ होताहेत. बदली आली म्हणून आपोआप —

उठू नकोस नयन उठू न